न आलेल्या आरमाराची प्रतीक्षा : दख्खनमधील फ्रेंच, म्हैसूर आणि मराठे

बंगळुरू : मंड्या जिल्ह्यात श्रीरंगपट्टणपासून जवळच पांडवपुरा हे तालुक्याचे गाव आहे. गावालगतच्या कुंती बेट्ट या खडकाळ टेकड्यांशी पांडवांच्या वनवासाची कथा जोडली गेली असून गावाचे आजचे नाव त्या कथेवरूनच आले आहे. मात्र ब्रिटिश काळातील नकाशांत हेच ठिकाण ‘फ्रेंच रॉक्स’ या नावाने दाखविलेले आढळते. हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या सेवेतील फ्रेंच सैनिकांचा तळ या खडकांच्या पायथ्याशी असे, म्हणून हे नाव पडले. कन्नड मुलुखाच्या मध्यभागी, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावाला फ्रान्सचे नाव कसे मिळाले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना अठराव्या शतकातील दख्खनच्या राजकारणाचा एक महत्त्वाचा धागा हाती लागतो.

भारतात फ्रेंचांची वसाहत पुद्दुचेरी, कारैकल, माहे, यानम आणि चंदननगर या पाच छोट्या ठिकाणांपुरतीच उरली, हे सर्वपरिचित आहे. परंतु त्यांचा प्रभाव या पाच ठिकाणांच्या फार बाहेर, श्रीरंगपट्टण, हैदराबाद, पुणे आणि ग्वाल्हेर येथील दरबारांपर्यंत पोहोचला होता. या दरबारांना इंग्रजांविरुद्ध फ्रेंच आरमाराची आणि फौजेची अपेक्षा होती. ही मदत प्रत्येक वेळी अपुरी आली, उशिरा आली किंवा आलीच नाही. त्याची किंमत सर्वांत आधी म्हैसूरने मोजली आणि नंतर मराठ्यांनी.

सुरतेपासून पुद्दुचेरीपर्यंत

सागरी मोहिमांत फ्रान्स पोर्तुगालच्या मागे राहिला, तरी तो अगदीच अलिप्त नव्हता. झाक कार्तिये १५३४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला, तर त्याच्या पाच वर्षे आधी, १५२९ मध्ये, दिएप बंदरातील पार्मांतिये बंधूंची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून सुमात्रापर्यंत आली होती. सॅम्युएल द शांप्लेनने १६०८ मध्ये क्वेबेकची स्थापना केली आणि कॅनडात फ्रेंच शेतकरी, धर्मोपदेशक आणि व्यापारी स्थायिक होऊ लागले.

भारतातील स्थिती वेगळी होती. येथे दाट लोकवस्ती होती, सुसंघटित राज्ये होती आणि जगभर मागणी असलेले कापड तयार होत होते. त्यामुळे जमीन बळकावून वस्ती करण्याऐवजी स्थानिक सत्ताधीशाकडून परवाना मिळवून वखार उघडणे हाच मार्ग युरोपीय कंपन्यांपुढे होता. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री झां-बातिस्त कोल्बेर याने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली. इंग्रज आणि डच कंपन्या व्यापाऱ्यांच्या भांडवलावर उभ्या होत्या. फ्रेंच कंपनी मात्र राजाच्या इच्छेने आणि राजाच्या पैशावर चालणारी संस्था होती. युरोपातील युद्धांत राजकोष रिकामा झाला की कंपनीचाही हात आखडत असे. हा मूळ दोष पुढे शंभर वर्षे तिच्या मागे राहिला.

मराठी वाचकांच्या दृष्टीने १६६४ हे वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षणीय आहे. याच वर्षाच्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच महिन्यात शहाजीराजे यांचे कर्नाटकातील होदिगेरे येथे निधन झाले. आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याने १६३८ मध्ये केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर घेतल्यानंतर ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले होते आणि भोसले घराण्याच्या दक्षिणेतील सत्तेचे ते केंद्र बनले होते. फ्रेंच कंपनी जन्माला आली तेव्हा बंगळूर मराठ्यांच्या जहागिरीत होते.

कंपनीने पहिली वखार १६६८ मध्ये सुरतेत उघडली. तिचा प्रमुख फ्रांस्वा कॅरॉन हा पूर्वी डच कंपनीच्या सेवेत जपानमध्ये काम केलेला अनुभवी अधिकारी होता. पुढील वर्षी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहाकडून मच्छलीपट्टणम येथे वखारीची परवानगी मिळाली. मद्रासजवळचे सांथोम ताब्यात ठेवण्याचा फ्रेंचांचा प्रयत्न १६७४ मध्ये फसला. त्याच सुमारास फ्रांस्वा मार्टिन याने आदिलशाहीचा सुभेदार शेरखान लोदी याच्या अनुमतीने कोरोमंडल किनाऱ्यावरील एका लहान कोळीवाड्यात बस्तान बसविले. हेच पुढचे पुद्दुचेरी.

या वस्तीची पहिली मोठी परीक्षा मराठ्यांमुळे आली. शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेवर निघाले, जिंजी त्यांच्या ताब्यात आली आणि शेरखान लोदीचा पराभव झाला. ज्याच्या आश्रयाने वखार उभी राहिली, तोच आता सत्तेवर उरला नव्हता. मार्टिनने तातडीने आपला वकील महाराजांकडे पाठविला. फ्रेंचांनी कोणाचीही बाजू न घेता राहावे, म्हणजे त्यांना पुद्दुचेरीत निर्धास्त राहता येईल, असे आश्वासन त्यांना मिळाले. भारतातील फ्रेंच वसाहतीचे मुख्य केंद्र आरंभीच्या काळात मराठ्यांच्या संमतीने टिकले, ही गोष्ट इतिहासात फारशी ठळकपणे सांगितली जात नाही.

त्याच मोहिमेनंतर शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यात समेट झाला. त्यात बंगळूर प्रांत व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी देण्याचे ठरले. मात्र १६८७ मध्ये मोगल सैन्याने बंगळूर घेतले आणि ते म्हैसूरचे राजे चिक्कदेवराज वडियार यांना तीन लाख रुपयांना दिले. बंगळुरूचे भवितव्य तेव्हापासून म्हैसूरशी जोडले गेले.

कवायती पलटणींचे आकर्षण

अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रेंचांचे स्थान एकाएकी उंचावले. त्याचे श्रेय १७४२ मध्ये गव्हर्नर झालेल्या जोझेफ फ्रांस्वा द्युप्लेक्सला दिले जाते. मॉरिशसचा गव्हर्नर ला बुर्दोने आपले आरमार घेऊन आला आणि सप्टेंबर १७४६ मध्ये त्याने मद्रास जिंकले. त्यानंतर अड्यार नदीच्या काठी कवायती शिक्षण मिळालेल्या अगदी लहान फ्रेंच तुकडीने अर्काटच्या नवाबाच्या कितीतरी मोठ्या फौजेला पळवून लावले. एकसुरात चालणारे पायदळ, वेगाने भरल्या जाणाऱ्या बंदुका आणि हलक्या तोफा यांपुढे पारंपरिक घोडदळ टिकत नाही, हे सर्व दरबारांच्या ध्यानात आले.

द्युप्लेक्सने यातून नवी राजकीय पद्धत घडविली. वारसाहक्काच्या वादात एका दावेदाराला कवायती फौज द्यायची आणि मोबदल्यात त्याच्याकडून महसुलाचे हक्क घ्यायचे, अशी ही रीत होती. तिच्या आधारे द बुसी १७५१ मध्ये सलाबतजंगाला घेऊन दख्खनमध्ये आला आणि निजामाच्या दरबारात अनेक वर्षे वजन राखून राहिला. त्याच वर्षी पुण्याच्या दिशेने चालून येताना त्याच्या तोफखान्याने पेशव्यांच्या फौजेला जेरीस आणले.

मराठ्यांनी हा धडा लगेच घेतला. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला. १७६० मधील उदगीरच्या विजयात त्याच्या पलटणींचा मोठा वाटा होता आणि १७६१ मध्ये पानिपतावर त्याने शेवटपर्यंत झुंज दिली. ‘गार्ड’ या युरोपीय शब्दावरून आलेला ‘गारदी’ हा शब्द मराठीत कायमचा रुजला.

परंतु फ्रान्समधील सरकारला द्युप्लेक्सचे युद्ध खर्चीक वाटले आणि १७५४ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. त्याची पद्धत इंग्रजांनी उचलली आणि अधिक पैसा, अधिक सातत्य यांच्या जोरावर ती यशस्वी करून दाखविली.

तीन दिवसांत बदललेली दक्षिण

युरोपात १७५६ मध्ये सप्तवार्षिक युद्ध सुरू झाले आणि त्याचे पडसाद भारतात उमटले. फ्रेंच सेनापती काउंट लाली जानेवारी १७६० मध्ये वांदिवाश येथे पराभूत झाला. इंग्रजांनी पुद्दुचेरीची कोंडी सुरू केली तेव्हा लालीने म्हैसूरच्या उगवत्या सेनानीकडे मदत मागितली. हा सेनानी म्हणजे हैदर अली. बंगळूरचा किल्ला त्याला थोड्याच काळापूर्वी वडियारांकडून जहागीर म्हणून मिळाला होता. किल्ल्यांच्या बदल्यात फौज आणि रसद देण्याचा करार झाला आणि हैदरचा सरदार मखदूम अली किनाऱ्याकडे निघाला.

मात्र ऑगस्ट १७६० मध्ये श्रीरंगपट्टणात हैदरविरुद्ध उठाव झाला. त्याचाच जुना सहकारी खंडेराव याने राजघराण्याशी संधान बांधले आणि हैदरला रातोरात बंगळूरकडे पळावे लागले. स्वतःचा जीव आणि जहागीर वाचविण्यासाठी त्याने मखदूम अलीची फौज माघारी बोलावली. पुद्दुचेरीचा उरलासुरला आधार तुटला. बंगळूरमधून हैदरने पुन्हा बळ जमविले आणि पुढील वर्षी तो म्हैसूरचा सर्वाधिकारी झाला.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, उपासमारीने हैराण झालेल्या पुद्दुचेरीचा ताबा इंग्रजांनी घेतला आणि नंतर शहराची तटबंदी जमीनदोस्त केली. उत्तरेतील आणि दक्षिणेतील या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता, परंतु परिणाम एकत्रित झाला. दख्खनमध्ये मराठ्यांचा दाब काही काळ सैलावला, फ्रेंचांची स्वतंत्र सत्ता संपली आणि त्या पोकळीत हैदर अलीचे म्हैसूर उभे राहिले. हैदरने बंगळूरचा किल्ला दगडी बांधणीने मजबूत केला. शहरातील लालबागेचा आरंभही त्याच काळातला मानला जातो.

पुद्दुचेरी पडल्यावर बेकार झालेल्या फ्रेंच सैनिकांपैकी काहीजण हैदरच्या सेवेत गेले. तोफखाना चालविणे, बंदुका दुरुस्त करणे, शिपायांना कवायत शिकविणे ही कामे त्यांच्याकडे आली. राजाचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या फ्रेंचांची जागा आता पगारी चाकरांनी घेतली. काउंट लालीला मायदेशी राजद्रोहाच्या आरोपाखाली १७६६ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. पुढे म्हैसूरच्या फौजेत नावाजलेला ‘लाली’ हा या काउंटहून वेगळा असलेला एक नशीब काढायला आलेला सैनिक होता. त्याची तुकडी हैदर आणि टिपू या दोघांच्याही मोहिमांत दिसते. फ्रेंच रॉक्स हे नाव अशाच तुकड्यांच्या मुक्कामामुळे पडले.

वारे, बंदरे आणि अंतर

फ्रेंच मदत वारंवार का हुकत गेली, याचे एक कारण भूगोलात दडले आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर मोठ्या जहाजांना आसरा देणारे नैसर्गिक बंदर नव्हते. ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी वारे आणि वादळे सुरू झाली की युद्धनौकांना तेथून निघून जाणे भाग पडे. ला बुर्दोनेने मद्रास जिंकल्यानंतर काही आठवड्यांतच वादळात त्याच्या आरमाराची वाताहत झाली, ती याच ऋतूत. इंग्रजांना पश्चिम किनाऱ्यावर मुंबईची गोदी उपलब्ध होती. फ्रेंचांना दुरुस्तीसाठी मॉरिशस गाठावे लागे आणि तेथून परतायला अनुकूल वाऱ्याची वाट पाहावी लागे.

पॅरिसहून निघालेला आदेश दक्षिण भारतात पोहोचायला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागे. तोवर युद्धाची स्थिती पालटलेली असे. शिवाय तहाच्या वाटाघाटी युरोपात होत. डचांनी जिंकलेले पुद्दुचेरी फ्रेंचांना १६९७ मध्ये रिसविकच्या तहाने परत मिळाले, तर फ्रेंचांनी जिंकलेले मद्रास १७४८ च्या तहाने इंग्रजांना परत गेले. दख्खनच्या रणांगणावर रक्त सांडणाऱ्या भारतीय मित्रांना या वाटाघाटींत स्थान नव्हते.

पुणे दरबार आणि फ्रेंच वकील

फ्रेंच मदतीचा मोह पुणे दरबारालाही झाला. पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू असताना १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ कोकण किनाऱ्यावर उतरला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यात आला. नाना फडणीसांनी त्याचा सन्मानाने सत्कार केला. चौल बंदराच्या मोबदल्यात फौज आणि युद्धसाहित्य देण्याची भाषा त्याने केली. प्रत्यक्षात त्याच्या आश्वासनांमागे फ्रेंच सरकारचे ठोस बळ नव्हते. तरीही त्याच्या उपस्थितीने मुंबई आणि कलकत्ता येथील इंग्रज धास्तावले. नानांना बहुधा तेवढेच हवे होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. फ्रेंचांवर विसंबण्याऐवजी त्यांच्या नावाचा धाक वापरणे ही पुणे दरबाराची चाल होती.

यानंतर मराठे, निजाम, नागपूरकर भोसले आणि हैदर अली यांची इंग्रजांविरुद्ध आघाडी झाली. माहे हे फ्रेंचांचे मलबार किनाऱ्यावरील बंदर हैदरला युद्धसाहित्य पुरवीत असे. इंग्रजांनी १७७९ मध्ये ते घेतल्याने हैदर संतापला. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूर येथे त्याच्या आणि टिपूच्या फौजेने कर्नल बेलीच्या सैन्याचा धुव्वा उडविला. इंग्रज कंपनीच्या भारतातील मोठ्या पराभवांत या लढाईची गणना होते.

नेमक्या या घटकेला फ्रान्सचे बळ दुसरीकडे गुंतले होते. अमेरिकी वसाहतींच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स १७७८ पासून उतरला होता. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट रोखली आणि इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसला शरणागती पत्करावी लागली. अमेरिकेत फ्रेंच आरमार वेळेवर पोहोचले. दख्खनमध्ये अॅडमिरल सुफ्रें १७८२ च्या आरंभी आला. तो असामान्य दर्यावर्दी होता. इंग्रज आरमाराशी त्याने पाच लढाया दिल्या आणि हैदर अलीने त्याची समारंभपूर्वक भेट घेतली. पण भूदलाची मोठी कुमक घेऊन येणारा वृद्ध आणि आजारी बुसी मार्च १७८३ मध्ये किनाऱ्याला लागला. हैदर अलीचे डिसेंबर १७८२ मध्येच निधन झाले होते आणि मराठ्यांनी सालबाईच्या तहाने युद्धातून अंग काढून घेतले होते. युरोपात शस्त्रसंधी झाल्याची वार्ता येताच फ्रेंचांनी लढाई थांबविली. मंगळुरूच्या वेढ्यात गुंतलेला टिपू एकाकी पडला. मार्च १७८४ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला, परंतु मित्राने ऐनवेळी साथ सोडल्याची सल त्याच्या मनात राहिली.

व्हर्सायच्या दरबारात म्हैसूरचे वकील

तरीही टिपूपुढे दुसरा पर्याय नव्हता. मराठे आणि निजाम यांच्याशी त्याचे वैर होते. इंग्रजांना समुद्रावर आव्हान देऊ शकेल अशी एकच सत्ता उरली होती. त्याने मोहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मोहम्मद उस्मान खान या तीन वकिलांना फ्रान्सला धाडले. जुलै १७८७ मध्ये पुद्दुचेरीहून निघालेले हे शिष्टमंडळ जून १७८८ मध्ये तूलों बंदरात उतरले आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी व्हर्साय येथे सोळाव्या लुईच्या भेटीस गेले. त्यांना पाहायला पॅरिसमध्ये गर्दी लोटली. चित्रकार एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ हिने त्यांची तैलचित्रे काढली.

राजकीयदृष्ट्या मात्र दौरा निष्फळ ठरला. फ्रान्सने नुकताच इंग्लंडशी तह केला होता आणि राज्य दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. राजाने दहा हजार सैनिकांची मागणी मान्य केली नाही. काही कारागीर, बियाणी आणि रोपे एवढीच मदत मिळाली. शिष्टमंडळ मे १७८९ मध्ये परतले. दोनच महिन्यांनी पॅरिसमध्ये बास्तीलचा किल्ला पडला आणि राज्यक्रांतीला प्रारंभ झाला.

इंग्रजांनी या अवकाशाचा पुरेपूर लाभ घेतला. यॉर्कटाउन येथे शरण गेलेला कॉर्नवॉलिस आता भारताचा गव्हर्नर जनरल होता. तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो स्वतः फौज घेऊन आला. ७ मार्च १७९१ रोजी त्याने बंगळूरची पेठ घेतली आणि २१ मार्चच्या रात्री किल्ल्यावर हल्ला केला. किल्लेदार बहादूर खान लढताना मारला गेला. अमेरिकेत फ्रेंच आरमारामुळे हरलेल्या सेनापतीचा मार्ग दख्खनमध्ये अडविण्यास समुद्रावर कोणी नव्हते.

या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणपुढून माघार घेताना कॉर्नवॉलिसला अवजड तोफा नष्ट कराव्या लागल्या. त्याचे सैन्य उपासमारीने आणि रोगराईने गांजले होते. अशा वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज मेलुकोटेजवळ येऊन मिळाली. मराठ्यांच्या छावणीतील भरल्या बाजाराने इंग्रज सैन्य सावरले. १७९२ च्या तहाने टिपूला निम्मे राज्य, तीन कोटी ३० लाख रुपयांची खंडणी आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत पोहोचली. बंगळूर टिपूकडेच राहिले, पण म्हैसूरचे सामर्थ्य खचले.

शंभर स्वयंसेवक आणि एक न पोहोचलेले पत्र

अखेरचा अंक १७९७ मध्ये सुरू झाला. फ्रांस्वा रिपो हा फ्रेंच खलाशी नादुरुस्त जहाज घेऊन मंगळुरूला आला आणि आपण मॉरिशसच्या सरकारचे प्रतिनिधी असल्याचे त्याने सांगितले. श्रीरंगपट्टणातील फ्रेंचांनी त्या वर्षी क्रांतिकारी क्लब स्थापून ‘स्वातंत्र्यवृक्ष’ रोवल्याचा वृत्तांत इंग्रजांच्या हाती लागलेल्या कागदपत्रांत आहे. या कागदपत्रांच्या विश्वासार्हतेबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत.

टिपूने मॉरिशसला वकील धाडले. तेथील गव्हर्नर मालार्तिक याने ही बोलणी गुप्त ठेवण्याऐवजी जानेवारी १७९८ मध्ये जाहीरनामा काढून स्वयंसेवक मागविले. हाती आले अवघे शंभरेक जण. इंग्रजांना मात्र युद्धासाठी उघड कारण मिळाले. नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने प्रथम निजामाला तैनाती फौजेच्या करारात बांधले आणि ऑक्टोबर १७९८ मध्ये हैदराबादेतील सुमारे १४ हजारांची फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज रक्तपाताविना बरखास्त केली. नेपोलियन त्या वेळी इजिप्तमध्ये होता. त्याने जानेवारी १७९९ मध्ये टिपूला लिहिलेले पत्र वाटेतच इंग्रजांच्या हाती पडले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू लढताना मारला गेला.

पेशव्यांनी या युद्धात भाग घेतला नाही आणि म्हैसूरच्या मुलुखातील देऊ केलेला वाटाही स्वीकारला नाही. परंतु दक्षिणेतील तोल पूर्णपणे बिघडला होता. १८०२ च्या वसईच्या तहात इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपीय लोकांना चाकरीत न ठेवण्याची अट पेशव्यांवर लादण्यात आली. महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉइनने उभारलेल्या कवायती फौजेचे नेतृत्व पुढे पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे आले होते. सप्टेंबर १८०३ मध्ये अलीगढचा किल्ला पडला आणि पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पगारी अधिकाऱ्यांवर अवलंबून राहण्यातील धोका श्रीरंगपट्टणनंतर शिंद्यांच्या छावणीतही उघड झाला.

मागे उरलेले

फ्रेंच सत्तेचे राजकीय स्वप्न संपले, तरी फ्रेंच माणसे म्हैसूर मुलुखातून नाहीशी झाली नाहीत. क्रांतीच्या काळात फ्रान्स सोडून आलेले धर्मोपदेशक आबे द्युब्वा यांनी श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर तेथील ख्रिस्ती समाजात काम केले. देवीची लस टोचण्याच्या मोहिमेत त्यांनी मोठा वाटा उचलला. हिंदू समाजाच्या चालीरीतींवरील त्यांचे हस्तलिखित इंग्रज कंपनीने दोन हजार होन देऊन विकत घेतले. पॅरिसच्या मिशनरी संस्थेने १८८२ मध्ये बंगळुरूत सेंट जोसेफ ही शिक्षणसंस्था सुरू केली. ती आजही शहरातील नामवंत संस्थांपैकी एक आहे.

नेपोलियनच्या पाडावानंतर १८१४ च्या पॅरिस तहाने फ्रान्सला पाच वसाहती परत मिळाल्या. स्वातंत्र्यानंतर सुरत आणि मच्छलीपट्टणम येथील जुन्या वखारींच्या जागा फ्रान्सने १९४७ मध्येच भारताकडे सोपविल्या. चंदननगर १९५० मध्ये भारताच्या ताब्यात आले. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर येथे १७८ लोकप्रतिनिधींपैकी १७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले आणि १ नोव्हेंबरपासून पुद्दुचेरीसह उरलेल्या वसाहतींचा कारभार भारताकडे आला. हस्तांतराचा करार १९५६ मध्ये झाला, तर फ्रेंच संसदेच्या मान्यतेनंतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी तो कायदेशीररीत्या अमलात आला.

दरबारांपुढे त्या काळी असलेल्या पर्यायांचा विचार केला, तर टिपूची फ्रेंचांवरील भिस्त किंवा नाना फडणीसांचा सावध डाव यांपैकी एकाला भोळेपणा आणि दुसऱ्याला मुत्सद्देगिरी म्हणून मोकळे होता येत नाही. दोघांनाही इंग्रजांच्या आरमाराला उत्तर हवे होते आणि दोघांकडेही ते नव्हते. दोघांनीही हे उत्तर समुद्रापलीकडे शोधले. तुंगभद्रेच्या दोन्ही तीरांवरील या सत्ता १७८० मध्ये एका आघाडीत होत्या आणि १७९१ मध्ये एकमेकींविरुद्ध लढत होत्या. या अकरा वर्षांत हातून निसटलेली एकजूट कोणत्याही फ्रेंच आरमाराला भरून काढता आली नसती.